‘अज्ञात इसमा’चा वणवा

माघ सरत आला, डोंगरावरचे गवत पिवळे पडले, की वसईच्या पूर्वेकडील आकाशात रात्री एक तांबडी रेघ उमटू लागते. महामार्गावरून जाणारा वाटसरू क्षणभर तिकडे पाहतो, ‘डोंगर पेटला वाटते’ असे म्हणतो आणि पुढे जातो. फार तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी छापून येतात. डोंगराला वणवा लागला, वनखात्याच्या कर्मचाऱ्यांनी तो आटोक्यात आणला, जीवितहानी नाही, आणि अज्ञात इसमाने आग लावली असावी असा संशय आहे. पाचव्या ओळीला जागा नसते. पुढच्या वर्षी त्याच चार ओळी नव्या तारखेने छापल्या जातात.

हा ‘अज्ञात इसम’ मोठा सोयीचा प्राणी आहे. तो दरवर्षी येतो, दरवर्षी आग लावतो आणि दरवर्षी निसटतो. त्याचा शोध घेण्याची गरज कोणाला वाटत नाही, कारण मनातल्या मनात प्रत्येकाने त्याला एक चेहरा देऊन टाकलेला असतो. तो चेहरा बहुधा डोंगरावरच्या पाड्यात राहणाऱ्या आदिवासीचा असतो. ‘तेच लावतात हो, मोहासाठी, गवतासाठी, शिकारीसाठी!’ असे आपल्यातील शिकलेसवरलेले लोकही सहज बोलून जातात. एकदा असे म्हटले की प्रश्न संपतो.

आम्हाला हा प्रश्न असा संपू द्यायचा नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: शहर वाढत वाढत सरकारी जंगलाच्या अंगाला येऊन भिडले आहे आणि आता वणव्याची कारणे मोठ्या प्रमाणावर शहरात जन्माला येत आहेत. तो विझवण्याचा भार आणि लागल्याचा दोष मात्र जंगलात राहणाऱ्यावरच टाकला जातो. ही व्यवस्था अन्यायाची आहे. आणि अन्यायाची आहे म्हणूनच ती निरुपयोगीही आहे.

डोंगर आणि नगर

वसई, विरार आणि भिवंडी यांच्यामध्ये पसरलेल्या तुंगारेश्वरच्या डोंगररांगेला २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर आहे. वसईच्या खाडीपलीकडे, दक्षिणेला, बोरिवली-ठाण्याचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहून थोडे अधिक. भारतातल्या सर्वांत दाट वस्तीच्या पट्ट्यात उरलेली ही दोन हिरवी फुप्फुसे आहेत.

आता नगराकडे पाहा. १९९० मध्ये वसईच्या नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले. जुलै २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेल्याचे दिसले. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती मोजायला जनगणनेची गरज नाही, नुसती मान वर केली तरी पुरे. रेल्वेच्या पश्चिमेची जमीन संपत आली तशी ही वाढ पूर्वेला सरकली. नालासोपारा पूर्व, वसई पूर्व, पेल्हार, कामण या बाजूंना चाळी, गोदामे, कारखान्यांचे गाळे आणि ‘निसर्गाच्या कुशीत’ अशी जाहिरात करणाऱ्या वसाहती डोंगराच्या पायथ्याला जाऊन टेकल्या.

पायथ्याची ही जमीन पूर्वी रिकामी नव्हती. ती वरकस होती. तिच्यावर गवत होई, आणि ते गवत पावसाळ्यानंतर कापून, बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जाई. पूर्वपट्ट्यातल्या कित्येक कुटुंबांची दिवाळीनंतरची मजुरी या गवतकापणीवर चाले. गवत कापले गेले म्हणजे वणव्याचे अन्नच उचलले गेले. त्यासाठी कोणाला मुद्दाम योजना आखावी लागली नव्हती. आज तीच वरकस जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली गेली आहे. विकत घेणारा भाव चढण्याची वाट पाहत बसला आहे आणि गवत उभ्या उभ्या वाळते आहे. कधी त्याचा रखवालदार जागा ‘साफ’ करण्यासाठी काडी लावतो. वारा पूर्वेकडे वळला की ती ‘सफाई’ कुंपण ओलांडून अभयारण्यात शिरते.

जमिनीवरून सरपटणारी आग

वणवा म्हटला की अनेकांच्या डोळ्यांसमोर दूरचित्रवाणीवरच्या आगी येतात: शेंड्यांवरून शेंड्यांवर उडी घेणाऱ्या, मैलोगणती धूर ओकणाऱ्या. आपल्याकडचा वणवा बहुधा तसा नसतो. आपले जंगल मुख्यतः पानगळीचे आहे. साग, ऐन, पळस, काकड ही झाडे उन्हाळ्यात पाने टाकतात. त्या पाचोळ्यातून आणि वाळक्या गवतातून आग कमरेपर्यंतच्या ज्वाळांनी सरपटत जाते. मोठी झाडे काळवंडतात, पण बहुतेक जगतात. पहिल्या पावसाबरोबर डोंगर पुन्हा हिरवा होतो आणि पाहणाऱ्याला वाटते, काहीच बिघडले नाही.

बिघडते ते खाली. रोपटी जळतात. ज्या सागाखाली दरवर्षी आग फिरते, तिथे साग उरतो आणि त्याची पुढची पिढी उरत नाही. जमिनीवर घरटी करणारे तित्तर आणि रातवे, पाचोळ्यातले सरडे, साप, कासवे, माती जिवंत ठेवणारे कीटक हे सारे आगीला मोजावे लागणारे मूल्य आहे. ते बातमीत येत नाही, कारण ‘जीवितहानी नाही’ या शब्दांत फक्त माणसाचा जीव मोजला जातो. पाचोळ्याचे पांघरूण गेले की जूनचा पहिला मुसळधार पाऊस उघड्या मातीवर पडतो, माती धुऊन नेतो आणि ओहोळांतून खाली आणतो. ज्या नाल्यांत ती साचते ते नाले शहराचे असतात. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसेंदिवस पाण्याखाली होते. त्या पुराचे खापर वणव्यावर फोडण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. भराव, बुजलेले नाले आणि अडवलेली पाणथळ जागा यांचा वाटा उघड आहे. परंतु डोंगर उघडा पडला तर पायथा बुडतो, हे समजायला अभियंता असावे लागत नाही. पेल्हार आणि उसगाव यांच्या धरणांचे पाणी ज्यांच्या नळाला येते, त्यांनी तरी डोंगरावरची माती धरणात साचावी की डोंगरावर राहावी, याचा विचार करावा.

कारवीचे उदाहरण तर बोलके आहे. सह्याद्रीच्या उतारावरची ही झुडपे आठ वर्षांतून एकदा फुलतात, बी धरतात आणि मरून जातात. संजय गांधी उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली, पुन्हा २०२४ मध्ये फुलली. जांभळी फुले पाहायला शहरातून झुंडी लोटल्या, छायाचित्रे काढली गेली. फुलोऱ्यानंतर मागे राहतात ते वाळलेले दांडे, सरपणासारखे कडकडीत. आणि त्यांच्या पायाशी पडलेले बी, ज्यातून पुढच्या आठ वर्षांचे रान उगवायचे असते. फुलांना गर्दी करणाऱ्यांपैकी किती जण पुढच्या उन्हाळ्यात त्या दांड्यांची राखण करायला जातात?

दोष कोणाचा?

आदिवासी आग वापरतो, हे खरे आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. भातरोपांसाठी राब भाजला जातो: शेण, पाला, फांद्या, गवत यांचे थर वाफ्यावर रचून ते पेटवायचे, म्हणजे तण मरते आणि राख मातीत मिसळते. या आगी कधी कधी हाताबाहेर जातात, हेही खरे. परंतु राब भाजणारा शेतकरी वाऱ्याची दिशा पाहतो, कडेने माती ओढतो आणि आग विझेपर्यंत तिथे उभा राहतो, कारण शेजारचे रान जळले तर त्याच्याच गुरांचा चारा जातो आणि त्याच्याच घरातले सरपण जाते. आग वापरणे आणि आग टाकून जाणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

टाकून जाणारे कोण? रविवारी धबधब्याच्या वाटेवर चूल मांडून, जेवून, निखारे तसेच सोडून जाणारे. चालत्या वाहनातून विडी-सिगारेटचे थोटूक भिरकावणारे. कचरा उचलण्याची व्यवस्था नसलेल्या वसाहतीत संध्याकाळी तो पेटवून देणारे. या शहराचा कचरा वर्षानुवर्षे गोखिवऱ्याजवळ, डोंगराच्या बाजूलाच, नेऊन टाकला गेला. आणि त्या ढिगांना लागणाऱ्या आगींचा धूर पूर्वेकडच्या लोकांच्या छातीत गेला.

याखेरीज आणखी एक कारण आहे. ते दबक्या आवाजात बोलले जाते. आम्ही ते उघडपणे बोलतो. जळलेली जमीन ‘जंगल’ दिसत नाही. ३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी गोरेगाव पूर्वेला, आरे आणि दिंडोशीच्या परिसरातील डोंगरावर मोठा वणवा लागला आणि तो शमवण्यात रात्र गेली. डिसेंबरचा आरंभ हा वणव्याचा हंगाम नव्हे. ही जमीन मोकळी करण्यासाठी लावलेली आग तर नव्हे, असा संशय तेव्हा लोकांनी आणि लोकप्रतिनिधींनी बोलून दाखवला, चौकशीची मागणी झाली. संशय हा पुरावा नव्हे आणि आम्ही कोणावर आरोप करत नाही. परंतु ज्या शहरात जमिनीचा भाव चौरस फुटावर सांगितला जातो, तिथे जळालेल्या डोंगराचे पुढे काय झाले, हे पाहण्याची कायमची यंत्रणाच नसावी, हे निष्पाप अज्ञान आहे असे आम्हाला वाटत नाही.

कायद्याची एकेरी नजर

भारतीय वन अधिनियम १९२७ चा. परकीय सत्तेने महसुलासाठी केलेला आणि अजूनही चालू असलेला. त्याचे कलम २६ राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरवते. ते योग्यच आहे. पण त्याच कलमाची पुढची तरतूद काय सांगते? राखीव जंगलात कोणी जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली असेल, तर त्या भागातील चराईचे आणि वनोपज घेण्याचे हक्क सरकार हवा तितका काळ स्थगित करू शकते. म्हणजे काडी कोणी लावली हे सापडो वा न सापडो, गुरे ज्याची चरतात आणि मोळी ज्याच्या डोक्यावर असते, त्याचा हक्क जाणार. आग लावणारा अज्ञात. शिक्षा भोगणारा मात्र पत्त्यासकट ज्ञात!

कलम ७९ त्याहून बोलके आहे. जंगलात ज्याला कोणताही हक्क आहे, जो तिथून लाकूडफाटा घेतो, जो तिथे गुरे चारतो, त्याने वणवा दिसताच कोणी सांगण्याची वाट न पाहता तो विझवण्यास धावले पाहिजे, असे बंधन हे कलम घालते. अभयारण्यात राहणाऱ्यांवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानेही असेच कर्तव्य टाकले आहे. या कर्तव्यास आमचा विरोध नाही; शेजाऱ्याचे घर पेटले तर धावावे, हे कायद्याने सांगण्याची वेळ येऊ नये. आमचा प्रश्न वेगळा आहे. जंगलातून एक मोळी आणणारा बांधील, आणि जंगलाचा देखावा खिडकीतून विकून लाखो रुपये मिळवणारा मोकळा, हा कुठला न्याय? गुरे चारणाऱ्याने फांदी घेऊन धावायचे आणि सातव्या मजल्यावरच्याने सज्जात उभे राहून चित्रफीत काढायची?

२००६ च्या वनहक्क कायद्याने या एकेरी नजरेला पहिला छेद दिला. सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्याने ग्रामसभेला दिला. ज्याला हक्क असतो तो राखण करतो, हे साधे सत्य त्यामागे आहे. परंतु शहराच्या कडेच्या पाड्यांना हा कायदा सर्वांत कमी पोचतो. कारण तिथे ग्रामपंचायत महापालिकेत विलीन झालेली असते आणि आदिवासी ‘झोपडपट्टीवासी’ म्हणून मोजला जातो.

उपग्रह आणि ओली फांदी

‘आता तंत्रज्ञान आहे’, असे सांगितले जाते. आहेच. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीच्या सूचना देते. आता त्या थेट मोबाइलवर येतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने वणव्यांसाठी राष्ट्रीय कृती आराखडाही काढला. हे सारे स्वागतार्ह आहे. पण उपग्रह ठिणगी पाहतो, ती झोडपत नाही. डोंगरउतारावर पाण्याचा बंब चढत नाही. तिथे आजही वणवा विझतो तो ओल्या फांदीने झोडपून, फावड्याने माती टाकून, पुढचा पाचोळा बाजूला सारून. आणि हे करणारा माणूस बहुधा रोजंदारीवरचा असतो, पायांत साध्या चपला घातलेला.

त्याच्या जिवाची किंमत काय, हे उत्तराखंडने दाखवले. १३ जून २०२४ रोजी अल्मोडा जिल्ह्यातल्या बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेली वनखात्याची माणसे आगीत सापडून होरपळून मेली. त्यांत हंगामापुरता नेमलेला आगीचा पहारेकरीही होता. त्याच्या महिनाभर आधी सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्य सरकारला जाब विचारला होता: ऐन वणव्याच्या हंगामात वनकर्मचारी निवडणुकीच्या कामाला का लावले? रिक्त पदे का भरली नाहीत? आलेला निधी पूर्ण का वापरला नाही? हे प्रश्न एका राज्याला विचारले गेले. उत्तर द्यायला हवे सगळ्यांनीच.

शहरी माणसाच्या अज्ञानाचीही किंमत असते. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात शहरांतून भटकंतीला आलेल्या तरुण-तरुणींना वणव्याने घेरले. वीसहून अधिक जीव गेले. उन्हाळ्यात गवताळ डोंगर कसा असतो, वारा फिरला तर कोणीकडे पळायचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

‘मग आग लागूच द्यायची नाही!’

यावर दुसरे टोक गाठणारेही भेटतात. जंगलाला कुंपण घाला, माणसे बाहेर काढा, एकही ठिणगी पडू देऊ नका! हा प्रयोग जगात होऊन गेला आहे. अमेरिकेच्या वनसेवेने १९३५ मध्ये नियम केला की, कोणताही वणवा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलाच पाहिजे. तिथले मूळ रहिवासी लहान लहान आगी लावून जंगल मोकळे ठेवत. तेही गुन्हा ठरले होते. काही दशकांत रानात इतका वाळका पालापाचोळा साचला की पेटलेली आग मानवी शक्तीच्या बाहेर जाऊ लागली. सत्तरच्या दशकात तो नियम सोडून द्यावा लागला. तोवर घरे जंगलात शिरली होती. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव काही तासांत जळून गेले. ८५ माणसे दगावली. ती आग वीजवाहिनीतून लागली होती आणि वीज कंपनीने २०२० मध्ये न्यायालयात आपला अपराध कबूल केला. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कडेची हजारो घरे जळाली. जगातील सर्वांत श्रीमंत राज्याची विमाने आणि बंबसुद्धा तिथे अपुरे पडले.

आपले रान वेगळे, आपली आग वेगळी. तरी धडा लागू पडतो. शहर जंगलाच्या कडेला नेऊन ठेवायचे, कडेचे गवत तसेच वाळू द्यायचे, आग ओळखणाऱ्या माणसाला हाकलायचे आणि मग यंत्रांवर विसंबायचे, हा मार्ग राखेकडे जातो. आपल्या वनखात्याला हे ठाऊक नाही असे नाही. ‘जाळरेषा’ ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे: उन्हाळ्यापूर्वी ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातील गवत कापून ते नियंत्रणात जाळून टाकायचे, म्हणजे पुढे येणारा वणवा त्या पट्ट्यापाशी उपाशी मरतो. ज्ञान आहे; ते वेळेवर वापरायला माणसे आणि पैसे नाहीत.

आमच्या मागण्या

नुसती टीका करून थांबणे आम्हाला योग्य वाटत नाही. काय व्हावे, ते सांगतो.

पहिली गोष्ट, पहारेकरी. पाड्यांवरील तरुण-तरुणींना जानेवारीपासून पाऊस पडेपर्यंत पूर्ण हंगामाची नेमणूक द्यावी; वेळेवर मजुरी, विमा, बूट आणि प्रशिक्षण द्यावे; आणि त्या काळात त्यांना अन्य कोणत्याही कामाला जुंपू नये. याचा खर्च एकट्या वनखात्याने का सोसावा? डोंगराची हवा आणि पाणी शहर घेते. महापालिकेने आपल्या अंदाजपत्रकात त्यासाठी दरवर्षी स्वतंत्र रक्कम ठेवावी.

दुसरी गोष्ट, कड. जंगलाच्या सीमेलगत ज्याची जमीन, वसाहत, गोदाम किंवा कारखाना आहे, त्याने जानेवारीअखेर आपल्या हद्दीतील गवत कापून उचलले पाहिजे. जाळून नव्हे, कापून. ही अट बांधकाम परवान्यातच असावी. गवतकापणीचे काम पूर्वपट्ट्यातील मजुरांना मिळाले तर गेलेली एक मजुरी परत येईल. कलम ७९ चे बंधनही मोळीवाल्यापुरते न ठेवता या शेजाऱ्यांपर्यंत वाढवावे.

तिसरी गोष्ट, कचरा. डोंगराच्या पायथ्याशी कचरा टाकणे आणि जाळणे पूर्ण बंद झाले पाहिजे. ज्या वस्तीत घंटागाडी जात नाही, तिथल्या माणसाला कचरा जाळल्याबद्दल दंड करण्याचा नैतिक अधिकार महापालिकेला नाही; आधी गाडी पाठवावी.

चौथी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जळलेल्या जमिनीची नोंद. इटलीने २००० साली कायदा केला: जळलेल्या वनजमिनीचा वापर पंधरा वर्षे बदलता येत नाही आणि तिच्यावर दहा वर्षे बांधकाम करता येत नाही, नगरपालिकांनी अशा जमिनींची नोंदवही ठेवायची. आग लावून जमीन मोकळी करण्यातला नफाच काढून घेतला, तर काडीपेटीचा मोह आपोआप कमी होतो. असा कायदा महाराष्ट्रात का असू नये? नकाशे उपग्रहाकडे आहेत, गट क्रमांक तलाठ्याकडे आहेत. दोन्ही एका कागदावर आणण्याची इच्छा तेवढी हवी.

रेल्वेरुळांच्या पलीकडे

शेवटी दोन शब्द आपल्या समाजाशी.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून ‘हरित वसई’ची हाक या मातीतून उठली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली आपल्या माणसांनी, इतर धर्मांच्या बांधवांसह, बिल्डरांच्या आणि दहशतीच्या विरोधात उभे राहण्याचे धैर्य दाखवले. २०२४ च्या जुलैमध्ये फादर गेले. त्यांना श्रद्धांजली वाहताना आपण ‘हरित वसई’ हे शब्द पुन्हा पुन्हा उच्चारले. पण वसई ही केवळ पश्चिमेच्या वाड्या, विहिरी आणि केळीबागा एवढीच आहे काय? रेल्वेरुळ ओलांडले की हिरवेपणाची आपली आस्था का आटावी? डोंगर जळतो तेव्हा तो ‘त्यांचा’ आणि विहीर खारावते तेव्हा ती ‘आपली’, अशी वाटणी निर्मात्याने केलेली नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला बागेत ठेवले ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. राखण हा शब्द तिथे सहज आलेला नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हेच आग्रहाने मांडले की, पर्यावरणाचे संकट आणि गरिबांचे संकट ही दोन वेगळी संकटे नाहीत. पाड्यावरच्या फांदीवाल्या माणसाकडे पाहिले की त्या विधानाचा अर्थ भाष्याशिवाय कळतो.

आपल्या पंचांगातला एक योगायोग इथे सांगण्याजोगा आहे. राखेचा बुधवार येतो तो फेब्रुवारीत किंवा मार्चच्या आरंभी. वणव्याचा हंगाम सुरू होतो तोही तेव्हाच. कपाळावर राख लावून आपण प्रायश्चित्तकाळात पाऊल टाकतो आणि त्याच आठवड्यात पूर्वेला डोंगराची राख होत असते. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म या तीन गोष्टी ख्रिस्तसभा या काळात सांगते. त्या दानधर्माला यंदा डोंगराची दिशा द्यावी, असे आम्ही सुचवतो. धर्मग्रामांतील युवक-युवतींनी वनखात्याच्या परवानगीने जानेवारीतच जाळरेषांच्या कामाला दोन रविवार द्यावेत. पाड्यावरच्या माणसाला शिकवायला नव्हे, त्याच्याकडून शिकायला. लहान ख्रिस्ती समूहांनी प्रायश्चित्तकाळातील बचतीतून पहारेकऱ्यांसाठी बूट आणि पाण्याच्या बाटल्या घ्याव्यात. सहली काढणाऱ्यांनी उन्हाळ्यात डोंगरावर चूल पेटवू नये. वरकस जमीन ज्यांच्याकडे अजून आहे, त्यांनी तिच्यावरचे गवत कापून घ्यावे आणि विकण्यापूर्वी ती कोणाला व कशासाठी विकत आहोत, याचा विचार करावा.

आणि पुढच्या फाल्गुनात वर्तमानपत्रात त्याच चार ओळी आल्या, तर वाचकहो, पान उलटू नका. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला पत्र लिहून विचारा: किती क्षेत्र जळाले, गट क्रमांक कोणता, जाळरेषा कधी घेतली होती, पहारेकरी किती होते आणि त्यांना मजुरी मिळाली का. महापालिकेला विचारा की, त्या कडेवर बांधकामाचे किती परवाने दिले आहेत. हे पाच प्रश्न शंभर घरांतून गेले, तर ‘अज्ञात इसम’ फार दिवस अज्ञात राहणार नाही.